जुन्या धाटणीचा नवा आरपीजी डीआरएम-मुक्त दुकानातून घेताना

ऑनलाइन दुकानातून गेम विकत घेतला, तरी बहुतेक ठिकाणी हाती येतो तो फक्त वापरण्याचा परवाना. फाइल तुमच्या संगणकावर असते, पण ती चालू द्यायची की नाही हे दुकानाचं सॉफ्टवेअर किंवा प्रकाशकाचा सर्व्हर ठरवतो. ही अडवणूक करणाऱ्या यंत्रणेला डीआरएम, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट म्हणतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २०२५ पासून असा कायदा लागू आहे की डिजिटल माल विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळतोय हे दुकानाने स्पष्ट सांगितलं पाहिजे. त्या कायद्यातून एक सूट आहे: जो माल कायमचा उतरवून घेता येतो आणि इंटरनेटशिवाय वापरता येतो, त्याला ही अट नाही. डीआरएम-मुक्त दुकानं नेमका असाच माल विकतात.

कायद्याच्या भाषेत तिथेही परवानाच मिळतो. गेमच्या प्रती इतरांना वाटण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. फरक इतकाच, पण मोठा, की फाइलला कुलूप नसतं. दुकान बंद पडलं, खातं गेलं किंवा प्रकाशक आणि दुकानाचा करार संपला, तरी तुमच्याकडची प्रत चालत राहते. अट एकच: ती प्रत तुम्ही खरोखर उतरवून ठेवलेली असली पाहिजे. पैसे भरून गेम खात्यात दिसू लागला की खरेदी पुरी झाली असं मानणारे फार आहेत. आमच्या मते ती तेव्हा अर्धीच झालेली असते.

आरपीजीच्या, म्हणजे पात्र घडवून लांब कथा खेळायच्या ‘रोल-प्लेइंग गेम’च्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण हा प्रकारच लांब पल्ल्याचा. एक खेळ साठ-सत्तर तास सहज चालतो, काही शंभरच्या पुढे जातात. लोक चार वर्षांनी वेगळं पात्र घेऊन पुन्हा खेळतात, मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल, घालून तिसऱ्यांदा खेळतात. १९९७ चा फॉलआउट, १९९८ चा बॉल्डर्स गेट, १९९९ चा प्लेनस्केप: टॉर्मेंट आजही खेळले जातात. त्या धाटणीवर बेतलेला जो नवा गेम तुम्ही आज घ्याल, तोही पंधरा वर्षांनी उघडावासा वाटेल. तेव्हा तो उघडला पाहिजे.

न उघडल्याचा इतिहास आपल्यासमोर आहे. १९८८ च्या पूल ऑफ रेडियन्सबरोबर पुठ्ठ्याचं एक चक्र येई. ते फिरवून मिळणारा शब्द टाइप केल्याशिवाय खेळ पुढे जात नसे, आणि चक्र हरवलं की पंचाईत. पुढे सीडीच्या काळात सेफडिस्कसारखी संरक्षणं आली. ती विंडोजमध्ये खोलवर बसणाऱ्या एका ड्रायव्हरवर अवलंबून होती. सुरक्षेच्या कारणावरून २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्या ड्रायव्हरला जागाच ठेवली नाही. परिणाम असा की रीतसर पैसे देऊन घेतलेली, एक ओरखडाही नसलेली मूळ डिस्क आज नव्या संगणकात घातली तर गेम सुरू होत नाही. गेमचा कोड ठीक असतो, अडतं ते केवळ कुलपापाशी.

दुकान कोणतं

सर्वांत मोठं नाव जीओजी. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट समूहाने २००८ मध्ये ते ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने सुरू केलं. आधी फक्त जुने गेम होते, २०१२ पासून नवेही येऊ लागले. पिलर्स ऑफ इटर्निटी, अंडररेल, एज ऑफ डेकडन्स, पाथफाइंडर: किंगमेकर, अ‍ॅटम आरपीजी, स्काल्ड अशी जुन्या वळणाच्या नव्या खेळांची मोठी रांग तिथे आहे. इच.आयओ हे २०१३ पासूनचं दुकान लहान निर्मात्यांचं. तिथे बहुतेक फाइल्स विनाकुलूप असतात, पण अंतिम निर्णय निर्मात्याचा असल्याने प्रत्येक पान वाचून घ्यावं. झूम प्लॅटफॉर्मचा भर जुन्या गेमवर. स्टीम या मोठ्या गेम-दुकानावरचेही काही गेम स्टीमचं सॉफ्टवेअर बंद असताना चालतात, मात्र तिथे वेगळा इन्स्टॉलर, म्हणजे गेम संगणकावर बसवणारी फाइल, मिळत नाही आणि कोणता गेम असा चालतो हे ज्याने त्याने तपासावं लागतं.

डीआरएम-मुक्त हा शिक्का असला तरी पान नीट वाचायला हवं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये जीओजीवर हिटमॅन विक्रीला आला. त्यात खेळाडूची बरीचशी प्रगती सर्व्हरशी जोडलेली होती. ग्राहकांनी जोरदार आक्षेप घेतल्यावर पुढच्याच महिन्यात तो काढून घेतला गेला. एकट्याने खेळायच्या आरपीजीत असं क्वचित होतं, पण ‘खातं जोडल्यास बक्षीस वस्तू’ किंवा ‘एकत्र खेळण्यासाठी गॅलक्सी आवश्यक’ (गॅलक्सी हे जीओजीचं सॉफ्टवेअर) अशा ओळी दिसल्या तर तो भाग इंटरनेटशिवाय मिळणार नाही हे धरून चालावं.

पैसे भरण्याआधी

पहिली गोष्ट आवृत्ती. लहान स्टुडिओ पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, आधी स्टीमवर टाकतात आणि इतर दुकानांत तो काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी पोहोचतो. निर्मात्याने जाहीर केलेला ताजा आवृत्ती-क्रमांक आणि डीआरएम-मुक्त दुकानातल्या इन्स्टॉलरचा क्रमांक ताडून पाहा. नेहमीच मागे राहणारा गेम असेल तर अंदाज तिथेच येतो.

दुसरी गोष्ट विस्तार, म्हणजे डीएलसी. एका दुकानातल्या मूळ गेमला दुसऱ्या दुकानातली डीएलसी लागत नाही. स्टीमवर सवलतीत दिसलेली डीएलसी जीओजीच्या प्रतीसाठी घेतली तर पैसे वाया. म्हणून मूळ गेम घेण्याआधीच बघा की त्याच्या सगळ्या डीएलसी त्याच दुकानात आहेत का. लोकवर्गणीतून झालेल्या गेमला हातभार लावला असेल आणि ‘की’, म्हणजे गेम खात्यात जोडायचा कोड, कोणत्या दुकानाची हवी असं विचारलं गेलं, तर तेव्हाच डीआरएम-मुक्त पर्याय निवडावा. की एकदा वापरली की सहसा बदलून मिळत नाही.

तिसरी गोष्ट मॉड. काही गेमचे मॉड फक्त स्टीम वर्कशॉप या स्टीमच्याच मॉड-संग्रहावर असतात आणि बाहेरच्या प्रतींना ते सरळ मार्गाने मिळत नाहीत. मॉडसाठीच गेम घेणार असाल तर ते स्वतंत्र फाइल म्हणून उपलब्ध आहेत का, हे आधी शोधा.

मग येतो संगणक. चित्र जुन्या वळणाचं म्हणून गेम हलका असेल, हा समज पक्का फसवतो. स्काल्डसारखा ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचा खेळ जुन्या लॅपटॉपवरही सुखाने चालतो, पण युनिटी या गेम बनवण्याच्या इंजिनवर बनलेले, अनेक पात्रांच्या टोळीचे मोठे आरपीजी वेगवान एसएसडी ड्राइव्ह नसेल तर प्रत्येक दाराआड लोडिंगचा पडदा दाखवत बसतात. पहिल्या दहा तासांत हे जाणवत नाही. खेळ पुढे जातो तशी सेव्ह फाइल फुगते, कारण कोणत्या पेटीत काय उरलं, कोणाशी काय बोलणं झालं, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. शेवटच्या प्रकरणांत लोडिंगचा वेळ स्पष्ट वाढलेला दिसतो. आणखी एक दुर्लक्षित मुद्दा अक्षरांचा आकार. हे खेळ वाचायचे असतात, लाखो शब्द वाचायचे. ४के पडद्यावर अक्षरं मोठी करायची सोय नसेल तर डोळ्यांचे हाल होतात. स्क्रीनशॉट पूर्ण आकारात उघडून बघावेत.

पहिल्याच दिवशी घ्यावा का? निर्मात्याला तेव्हाच्या विक्रीची सर्वाधिक गरज असते हे खरं. तरी या प्रकारात थांबणाऱ्याला चांगली प्रत मिळते, हा अनुभव वारंवार आला आहे. पिलर्स ऑफ इटर्निटीच्या दुसऱ्या भागात पाळीपाळीने लढण्याचा पर्याय २०१९ मध्ये पॅचमधून आला, मूळ गेम २०१८ चा. किंगमेकरमध्येही तो २०२० मध्ये अधिकृतपणे मिळाला. डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन आणि वेस्टलँड २ या २०१४ च्या खेळांच्या सुधारित आवृत्त्या पुढच्याच वर्षी निघाल्या. शंभर तासांचा खेळ शाखाशाखांनी फुटतो आणि प्रत्येक शाखा विक्रीआधी तपासणं लहान चमूला शक्य नसतं. त्यामुळे शेवटच्या तिसऱ्या भागातल्या चुका बहुधा पहिल्या खेळाडूंनाच सापडतात. आमचा सल्ला असा: निर्मात्यावर विश्वास असेल तर पहिल्या दिवशी घ्या, पण खेळायला दोन-तीन मोठे पॅच येऊन गेल्यावर बसा.

उतरवणं

जीओजीवर खरेदी झाली की गेम मिळवायचे दोन रस्ते असतात. एक, गॅलक्सी हा त्यांचा ऐच्छिक लाँचर. तो गेम थेट बसवतो आणि अपडेट करत राहतो. दुसरा, वेबसाइटवर तुमच्या गेमसंग्रहात जाऊन त्या गेमच्या चित्रावर क्लिक करायचं आणि ‘ऑफलाइन बॅकअप गेम इन्स्टॉलर्स’ या भागातून फाइल्स घ्यायच्या. नेहमीच्या खेळण्यासाठी गॅलक्सी जरूर वापरा, त्यात वावगं काही नाही. पण गॅलक्सीने बसवलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. तो तसाच दुसऱ्या संगणकावर नेला तर गेम अनेकदा चालतो, काही वेळा चालत नाही, कारण मायक्रोसॉफ्टच्या पूरक लायब्ररी आणि रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीतल्या नोंदी त्या फोल्डरबरोबर जात नाहीत. त्या नोंदी इन्स्टॉलर करतो. म्हणून इन्स्टॉलर हवाच.

फाइल्स निवडण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम आणि भाषा योग्य आहे ना ते बघा. विंडोजसाठी एक एक्झी, म्हणजे क्लिक करून चालवायची, फाइल असते आणि गेम मोठा असेल तर तिच्या जोडीला क्रमांक दिलेल्या बिन फाइल्स. एकेक बिन साधारण ४ जीबीपर्यंतची असते. जुन्या फॅट३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, या तुकड्यांमुळे ती अडचण टळते. बॉल्डर्स गेट ३ सारखा १५० जीबी जागा मागणारा गेम घेतला तर बिन फाइल्सची मोठी रांग लागते आणि इथेच लोक चुकतात. एखादा तुकडा राहून जातो, एखादा अर्धवट उतरतो, किंवा ब्राउझर तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवून तिच्या नावापुढे कंसात आकडा जोडतो आणि मग इन्स्टॉलरला ती ओळखू येत नाही. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये, मूळ नावांनिशी, एक्झीच्या शेजारी असले पाहिजेत. एखादा नसेल तर इन्स्टॉलर मध्येच थांबून पुढची डिस्क मागतो. संदेश सीडीच्या काळातला आहे, अर्थ एवढाच की पुढची बिन सापडली नाही.

ब्राउझरमधून एका वेळी एक-दोनच फाइल्स उतरवा. दहा फाइल्स एकदम लावल्या की शेवटच्या दुव्यांची मुदत संपते आणि तुटलेलं डाउनलोड पुन्हा जोडता येत नाही. मोठ्या गेमसाठी गॅलक्सीमधूनच बॅकअप इन्स्टॉलर उतरवणं सोपं पडतं. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एलगॉगडाउनलोडर हे मुक्त साधन आहे. ते फाइल्स उतरवतं आणि दुकानाने दिलेल्या चेकसमशी, म्हणजे फाइल बदलली आहे का ते दाखवणाऱ्या आकड्याशी, ताडूनही बघतं. विंडोजचाच इन्स्टॉलर लिनक्सवर उलगडायचा असेल तर इनोएक्स्ट्रॅक्ट आहे, आणि सगळं एका खिडकीतून हवं असेल तर हिरोइक गेम्स लाँचर.

मूळ गेम उतरवून झाला की खाली आणखी स्क्रोल करा. प्रत्येक डीएलसीचा इन्स्टॉलर वेगळा असतो आणि तो विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मूळ गेम आणि डीएलसी एकाच आवृत्तीचे हवेत. मूळ गेम आधीच्या पॅचचा आणि डीएलसी नव्या पॅचची असेल तर गेम सुरूच होत नाही, किंवा त्याहून वाईट, सुरू होतो आणि वीस तासांनी बिघडतो. शेवटी ‘एक्स्ट्रा’ भागातली नियमपुस्तिका, नकाशा आणि संगीत घ्या. नियमपुस्तिका खरोखर वाचा. जुन्या धाटणीचे खेळ शिकवणीचा बराचसा भार तिच्यावर टाकतात.

आता तपासणी. एक्झीवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमधली डिजिटल स्वाक्षरी बघा. ती वैध असेल तर एक्झी वाटेत बदललेली नाही. मात्र ही स्वाक्षरी बिन फाइल्सची हमी देत नाही. त्यांची खरी परीक्षा एकच: उतरवलेल्या संचातून एकदा पूर्ण इन्स्टॉल करणं. उलगडताना इन्स्टॉलर प्रत्येक भागाचा चेकसम जुळवतो आणि फाइल खराब असेल तर तिथेच थांबतो. त्यासाठी जागा हिशेबाने ठेवा. इन्स्टॉलर ३० जीबीचा असेल तर तो आणि बसलेला गेम मिळून ६० जीबीच्या आसपास लागतात, कधी जास्तही.

बसवणं

ऑफलाइन इन्स्टॉलर सुचवतो तो सी ड्राइव्हवरचा ‘जीओजी गेम्स’ हा फोल्डर. तो बदलून प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकण्याचा मोह आवरा. विंडोज व्हिस्टापासून त्या फोल्डरमध्ये लिहायला ॲडमिनची परवानगी लागते. जुने गेम आणि बरेच मॉड आपल्याच फोल्डरमध्ये फाइल्स लिहितात. परवानगी नसली की विंडोज त्या गुपचूप व्हर्च्युअल-स्टोअर नावाच्या वेगळ्या जागी वळवतं. मग मॉड बसवला तरी दिसत नाही, सेटिंग बदललं तरी टिकत नाही, आणि माणूस गेमला दोष देत राहतो.

बसवून झाल्यावर इंटरनेट बंद करा. वाय-फाय तोडा, गॅलक्सी चालू असेल तर पूर्ण बंद करा आणि गेम सुरू करा. नवं पात्र तयार करा, पहिली लढाई खेळा, सेव्ह करा, बाहेर पडा, पुन्हा उघडून तीच सेव्ह लोड करा. डीएलसी घेतली असेल तर तिचा एखादा वर्ग किंवा वंश पात्रनिर्मितीत दिसतो का बघा. हे सगळं पार पडलं की तुमची प्रत खरंच स्वतःच्या पायावर उभी आहे. जीओजीवर खरेदीपासून ३० दिवसांपर्यंत पैसे परत मागता येतात, गेम उतरवून खेळला असला तरीही. २०२० पासून हा नियम आहे. दुकानाने हा विश्वास ठेवला आहे आणि गैरवापर दिसल्यास नकाराचा हक्क राखला आहे, तेव्हा तो प्रामाणिकपणेच वापरावा. पण ही परीक्षा त्या ३० दिवसांतच उरकून घ्या. सवलतीत घेऊन वर्षभर न उघडलेल्या गेममध्ये दोष निघाला, तर हा दरवाजा बंद झालेला असतो.

सेव्ह कुठे जातात

गेमची प्रत पुन्हा मिळू शकते, ऐंशी तासांची सेव्ह नाही. आणि गेमचा फोल्डर जपला म्हणजे सेव्ह जपली असं नव्हे, कारण नवे गेम ती दुसरीकडेच ठेवतात. युनिटीवरच्या अनेक खेळांच्या सेव्ह ॲपडेटाच्या आतल्या लोकल-लो फोल्डरमध्ये, स्टुडिओच्या नावाखाली असतात. ॲपडेटा हा फोल्डर लपवलेला असतो, तो दिसण्यासाठी फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या वस्तू दाखवायचा पर्याय सुरू करावा लागतो. पिलर्स ऑफ इटर्निटीच्या सेव्ह ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये जातात, बॉल्डर्स गेटच्या सुधारित आवृत्तीच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हशी जोडलेलं असेल तर गेम लिहितोय आणि वनड्राइव्ह तीच फाइल वर चढवतोय, अशी ओढाताण होऊ शकते. खेळताना सिंक थांबवलेला बरा.

गॅलक्सीच्या क्लाउडवर पूर्ण भिस्त ठेवू नका. २०२४ पासून तिथे दर गेममागे मर्यादा आहे, सर्वसाधारणपणे २०० एमबी. सेव्ह वीस एमबीची झाली की दहांतच ती भरते. दर प्रकरणाच्या सुरुवातीची एक सेव्ह हाताने वेगळ्या ड्राइव्हवर टाकत जा.

खेळतानाही क्विकसेव्हवर, म्हणजे एका कळीने मागच्याच सेव्हवर लिहिणाऱ्या सोयीवर, विसंबू नये. कोणतं काम कुठवर आलं याच्या खुणा सेव्हमध्येच असतात. एखादी खूण चुकीची पडली तर दोष पाच तासांनी कळतो आणि तोवर क्विकसेव्हने मागचं सगळं पुसलेलं असतं. पुढे पॅच येतो तेव्हा तो चूक पुन्हा होणार नाही याची काळजी घेतो, पण आधीच बिघडलेली सेव्ह दुरुस्त करतोच असं नाही. म्हणून निदान आठ-दहा वेगवेगळ्या जागी सेव्ह ठेवाव्यात. एकच सेव्ह ठेवू देणारा कठोर प्रकार अजून पॅच येत असलेल्या नव्या गेममध्ये निवडू नये. तिथे खेळाडूचा पराभव शत्रूपेक्षा बगमुळे होण्याची शक्यता जास्त.

जपणं

दुकानाच्या पानावर सहसा ताज्या आवृत्तीचाच पूर्ण इन्स्टॉलर असतो, नवा आला की जुना जातो. बहुतेकदा हे चांगलंच. पण मॉड विशिष्ट आवृत्तीला बांधलेले असतात, आणि नव्या आवृत्तीत केलेली सेव्ह जुनीत बहुधा उघडत नाही. त्यामुळे ज्या आवृत्तीवर खेळ सुरू केला तिचा इन्स्टॉलर खेळ संपेपर्यंत ठेवा आणि शेवटच्या पॅचनंतरचा कायमचा ठेवा. गॅलक्सीत काही खेळांना मागच्या आवृत्तीवर परत जाता येतं, मात्र त्यासाठी गॅलक्सी चालू लागते.

साठवण्यासाठी एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीचा बाहेरचा हार्ड डिस्क ड्राइव्ह पुरतो. प्रत्येक गेमला स्वतंत्र फोल्डर आणि फोल्डरच्या नावात आवृत्ती-क्रमांक. आत मूळ गेम, डीएलसी, एक्स्ट्रा आणि वापरलेले मॉड. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून तिचा एसएचए-२५६ चेकसम काढता येतो. तो एका साध्या मजकूर फाइलमध्ये चिकटवून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. काही वर्षांनी पुन्हा काढून ताडला की एक अक्षरही बदललंय का ते कळतं. पेनड्राइव्ह आणि एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिले तर त्यातली माहिती विरू शकते, त्यामुळे एकमेव प्रत त्यांच्यावर नको. दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रती असतील तर उत्तम.

इतकी खटपट गरजेची आहे का, असं वाटेल. २०१३ च्या अखेरीस फॉलआउटचे पहिले तीन जुने गेम हक्कांच्या बदलामुळे जीओजीवरून विक्रीतून गेले आणि २०१५ मध्ये परतले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्या खात्यात ते मधल्या काळातही राहिले, दुकानाने तिथे शब्द पाळला. पण सप्टेंबर २०१० मध्ये हेच दुकान काही दिवस अचानक बंद दिसत होतं. तो नव्या रूपातल्या साइटच्या जाहिरातीचा प्रकार होता हे नंतर कळलं, आणि तोवर गेम न उतरवलेले ग्राहक हवालदिल झाले होते. ज्यांच्या ड्राइव्हवर इन्स्टॉलर होते त्यांचे खेळ त्या दिवसांतही चालूच होते.